आधी फसलेला जॉब वर्गात आणा: यंत्र अभियांत्रिकी अभ्यास मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
यंत्र अभियांत्रिकी अभ्यास मंडळ

स. न. वि. वि.

अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग, हा विषय यापुढे ऐच्छिक न ठेवता सगळ्यांनाच शिकवायचा, असं आपण ठरवल्याचं कळलं. नव्या अभ्यासक्रमाचा मसुदाही वाचायला मिळाला. निर्णयाबद्दल मनापासून अभिनंदन. मसुद्याबद्दल तसं म्हणवत नाही, म्हणून हे पत्र.

मी धातूच्या प्रिंटिंगमध्ये काम करतो. टेबलावरचा प्लास्टिकचा प्रिंटर नव्हे. आर्गॉन भरलेल्या बंद चेंबरमध्ये लेझरने पावडर वितळवत, थरावर थर चढवत जॉब, म्हणजे हवा तो भाग, उभा करणारं मशीन. आमच्याकडे दरवर्षी नवे पदवीधर येतात आणि त्यांच्या मुलाखती माझ्या वाट्याला येतात. गेली काही वर्षं मी मुलाखतीची सुरुवात एकाच प्रकारे करतो. दोन तुकडे झालेला एक टेन्साइल बार (ओढून ताकद तपासायची पट्टी) टेबलावर ठेवतो आणि विचारतो, हा छापताना उभा होता की आडवा? (हा बार मी मुद्दाम लेझरची ताकद कमी ठेवून छापलेला आहे, त्यामुळे उत्तर त्याच्या अंगावरच लिहिलेलं आहे.)

बहुतेकजण तुकड्यांना हात लावत नाहीत. माझ्याकडे बघत आयएसओ/एएसटीएम ५२९०० या मानकातले प्रिंटिंगचे सात प्रकार पाढ्यासारखे म्हणायला लागतात. पावडर बेड फ्यूजन, डायरेक्टेड एनर्जी डिपॉझिशन, बाइंडर जेटिंग... सातही बरोबर असतात. मी ते विचारलेलेच नसतात. एका मुलीने मात्र दोन्ही तुकडे उचलले, उजेडाकडे तोंड करून तुटलेली बाजू तिरपी धरली, बारच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाली, “उभा छापलाय. थराच्या रेघेतच सुटलाय.” कुठे शिकलीस, असं विचारल्यावर हसली. कॉलेजच्या स्पर्धेच्या गाडीसाठी तिने प्लास्टिकचा एक ब्रॅकेट छापला होता. तो तीनदा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर तिने तो फेकून न देता उलटापालटा करून पाहिला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे: तिला जे अपघाताने शिकायला मिळालं ते सगळ्यांना ठरवून शिकवता येतं, आणि त्यासाठी मेटल प्रिंटर विकत घ्यावा लागत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

मसुद्यात पहिला घटक इतिहासाचा आहे, दुसरा वर्गीकरणाचा, मग फायदे-तोटे, मग उपयोग. धातूला जागा मिळाली आहे ती शेवटच्या घटकात, ‘धातूंसाठीच्या प्रक्रियांची ओळख’ अशा एका ओळीत. सत्र संपत आलं की शेवटच्या घटकाचं काय होतं ते मी आपल्याला सांगायला नको. प्रात्यक्षिकांच्या यादीत ‘एक साधी वस्तू छापणे’ आहे. ही साधी वस्तू म्हणजे की-चेन असणार, फार तर बुद्धिबळातला घोडा. वस्तू छापून होते, फोटो निघतो, जर्नलवर सही होते. घोड्यावर कधी भार येत नाही, त्याला कुठे घट्ट बसायचं नसतं, तो कोणी मोजत नाही. तो चुकला की बरोबर आला, हे ठरवायला काही मापच नसतं.

इतिहासाला माझा विरोध नाही, सनावळीला आहे. चार्ल्स हल यांनी स्टिरिओलिथोग्राफीच्या (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करत छापण्याच्या पद्धतीच्या) पेटंटसाठी १९८४ साली अर्ज केला, हे पाठ करून घेण्यापेक्षा कार्ल डेकार्ड यांची गोष्ट सांगा. टेक्सास विद्यापीठात पदवीला असताना ते सुट्टीत एका मशीन शॉपमध्ये काम करत होते. कास्टिंगसाठी लागणारे पॅटर्न (ज्यांवरून साचा बनतो ते नमुने) हाताने घडवण्यात किती वेळ जातो हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि लेझरने पावडर जोडत जाण्याची कल्पना त्यांच्या डोक्यात घोळू लागली. पुढे प्राध्यापक जो बीमन यांच्या हाताखाली त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. धातूची पावडर पूर्ण वितळवण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत आकाराला आली. इतिहासाला दोन तास पुरेत.

खरा विषय त्यानंतर सुरू होतो, आणि तो फळ्यावर एका वाक्यात लिहिता येतो: लेझरने धातू छापणं म्हणजे वेल्डिंग. पुढचा हिशेब वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा. थर ३० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३ मिमीचा, आहे आणि लेझरच्या शेजारशेजारच्या दोन रेघांमध्ये ०.१ मिमी अंतर आहे. एक घन सेंटिमीटर धातूसाठी लेझरला किती लांब रेघ ओढावी लागेल? एक घन सेंटिमीटर म्हणजे १००० घन मिमी. १००० ला आधी ०.१ ने आणि मग ०.०३ ने भागा. तीन लाख तेहतीस हजार मिमी, म्हणजे ३३३ मीटर. बोटाच्या पेरापेक्षा लहान ठोकळ्यात ३३३ मीटर वेल्ड.

आता सेकंदाला एक मीटर वेग धरा. लेझरचं काम साडेपाच मिनिटांत आटोपतं. पण थरही ३३३ आहेत, आणि प्रत्येक थरानंतर रिकोटरला नवी पावडर पसरायला दहा सेकंद लागतात असं धरलं तर पंचावन्न मिनिटं त्यातच गेली. तासभर मशीन चाललं, त्यात लेझर साडेपाच मिनिटं. मग प्लेटवर, म्हणजे ज्यावर जॉब छापला जातो त्या पाटावर, असे वीस ठोकळे एकदम ठेवले तर? वीस तास लागत नाहीत, पावणेतीन तास लागतात, कारण पावडर पसरायचा वेळ तेवढाच राहतो. मशीनची प्लेट भरून का चालवायची, एकटा जॉब महाग का पडतो, आणि जॉब आडवा ठेवला की स्वस्त का होतो, हे सगळं या चार भागाकारांत येतं. मसुद्यात मात्र ‘खर्चाचे घटक लिहा’ असा प्रश्न आहे.

या ३३३ मीटरचा दुसरा परिणाम जास्त त्रासदायक. वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंश सेल्सिअसच्या दराने थंड होतो आणि आक्रसतो. खालचा थर त्याला आक्रसू देत नाही. प्रत्येक रेघ ताणलेल्या अवस्थेत अडकून बसते, आणि असे हजार-दोन हजार थर झाले की जॉब म्हणजे प्लेटला जखडलेली स्प्रिंग होते.

हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं ते कामाला लागल्यावर. टायटॅनियमचा एक लांबट ब्रॅकेट होता, पाठवायची घाई होती, आणि भट्टी दुसऱ्या कामात अडकलेली. स्ट्रेस रिलीव्हिंग (भट्टीत तापवून आतला ताण घालवणं) न करता मी प्लेट थेट वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, चढवली. पहिला अर्धा तास सगळं ठीक. कट मध्यापर्यंत गेला तशी मोकळी झालेली बाजू वर उचलायला लागली, वाळत्या पानाची कड वळावी तशी, सावकाश. मी नुसता बघत राहिलो. तिरपा झालेला जॉब वायरला भिडला, वायर तुटली, मशीन थांबलं. टोक जवळजवळ दोन मिलिमीटर वर आलं होतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, होता ०.१ मिमी. वरिष्ठ आले, त्यांनी जॉब हातात घेतला, एक शब्द न बोलता माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. तो अजून माझ्याकडे आहे.

हा धडा द्यायला टायटॅनियम लागत नाही. प्रत्येक अभियांत्रिकी कॉलेजात वेल्डिंग शॉप आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीवर एकाच बाजूने शेजारीशेजारी वेल्डच्या रेघा ओढायला सांगा. थंड झाल्यावर पट्टी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवून खालची फट फीलर गेजने (मोजमापाच्या पातळ पात्यांनी) मोजा. दुसरी पट्टी जाड प्लेटला क्लॅम्प करून तेच करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मग क्लॅम्प सोडा. सोडताक्षणी ती उसळते, आणि मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं असतं. तिसरी पट्टी क्लॅम्पसकट भट्टीतून काढा आणि मगच सोडा. भट्टी नेमकं काय करते हे पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही. तीन पट्ट्या, एक दुपार.

तसंच यूटीएमचं, म्हणजे बार ओढून तोडणाऱ्या चाचणी-मशीनचं. साध्या प्लास्टिक प्रिंटरवर एकाच आकाराचे बार तीन दिशांनी छापायचे: सपाट, कडेवर आणि उभे. यूटीएमवर ओढायचे. उभा बार सगळ्यात आधी तुटणार, आणि बहुधा थरांच्या सांध्यातच. धातूत हा फरक इतका ठळक नसतो, भट्टीतून काढल्यावर आणखी कमी होतो, पण दिशा विचारायची सवय इथेच लागते. हे तुकडे जर्नलला चिकटवायला लावा. आलेखासोबत तुकडाही तपासा.

प्रत्यक्ष धातू हातात द्यायचा असेल तर सहा ठोकळे बाहेरून छापून आणा. सगळे एकाच धातूचे, सेंटिमीटरभर बाजूचे, फक्त लेझरचा वेग प्रत्येकाला वेगळा. कोणता कुठला हे मुलांना सांगायचं नाही. आधी पाण्यात वजन करून घनता काढायची, मग कापून, माउंट करून, पॉलिश करून मेटॅलर्जीच्या मायक्रोस्कोपखाली धरायचे. वेग जास्त झाला की दोन रेघांच्या मध्ये धातू जुळत नाही. वेडीवाकडी, टोकदार कोपऱ्यांची छिद्रं दिसतात, आणि नशीब असेल तर त्यात न वितळलेला पावडरचा गोल कणही सापडतो. वेग फार कमी झाला की लेझर खोल भोक पाडतो आणि तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो. ते छिद्र गोलसर असतं. दोन्ही छिद्रंच, पण टोकदार छिद्रातून तडा लवकर निघतो. सहा ठोकळे वर्षानुवर्षं वापरता येतात. पुन्हा पॉलिश करायचे, बस.

याच ठिकाणी एका सूत्राबद्दल तक्रार नोंदवतो. लेझरची ताकद भागिले वेग, रेघांमधलं अंतर आणि थराची जाडी यांचा गुणाकार, म्हणजे दर घन मिलिमीटरला मिळणारी ऊर्जा. मसुद्यात या सूत्रावर उदाहरणं आहेत, ती असावीतच. २८० वॉट, सेकंदाला १२०० मिमी, ०.१४ मिमी आणि ०.०३ मिमी घातले की साधारण ५५.६ ज्यूल येतात. टायटॅनियमसाठी हे आकडे वापरातल्या आकड्यांच्या जवळचे आहेत. पण ताकद आणि वेग दोन्ही दुप्पट केले तरी उत्तर ५५.६ च येतं, आणि जॉब मात्र तसाच येईल याची खात्री नसते. वितळलेल्या धातूचं डबकं लांबट होतं, त्याचे थेंब तुटू शकतात. परीक्षेत हे विचारा: उत्तर सारखं आलं, मग ठोकळे वेगळे का? त्याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर येत नाही.

पावडरबद्दल मसुदा जवळजवळ गप्प आहे. आमचा निम्मा दिवस पावडरमागे जातो. कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे, गोल असले तर साखरेसारखे वाहतात, वेडेवाकडे किंवा दमट असले तर पिठासारखे धरून बसतात आणि रिकोटरमागे ओरखडे उमटतात. हॉल फ्लोमीटर म्हणजे तळाशी अडीच मिलिमीटरचं भोक असलेलं फनेल. त्यातून ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत खाली येते ते स्टॉपवॉचने मोजायचं. एवढं साधं उपकरण प्रत्येक प्रयोगशाळेला परवडावं. बिल्ड, म्हणजे छपाईची एक फेरी, झाल्यावर उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात, आणि टायटॅनियमची पावडर दर फेरीला थोडा थोडा ऑक्सिजन पकडत जाते. टायटॅनियमच्या ग्रेड ५ मध्ये ऑक्सिजनची मर्यादा ०.२० टक्के आहे, ग्रेड २३ मध्ये ०.१३ टक्के. म्हणजे महागड्या ग्रेड २३ ची पावडर हळूहळू आपोआपच खालच्या ग्रेडची होते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. ते कळतं ते फक्त नोंदवहीवरून. नोंदवही नीट ठेवणारा पदवीधर मिळाला तर आम्ही त्याला सात प्रकार विचारणारही नाही.

सुरक्षेला मसुद्यात अर्धा तास आहे. हा भाग मात्र हात जोडून बदला. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेते, हवेत उडाली तर स्फोट होतो. २०१३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न इथे धातूच्या प्रिंटिंगच्या एका कारखान्यात टायटॅनियमच्या पावडरचा स्फोट होऊन एक कामगार गंभीर भाजला. या आगीवर पाणी मारायचं नसतं. डी वर्गाचं, धातूच्या आगीचं अग्निशामक लागतं. साधा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही. पावडरपेक्षाही फिल्टरमध्ये साठणारी काजळी जास्त भडकू असते, आणि फिल्टर बदलायचं काम नेमकं नव्या माणसाकडे येतं. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा तो जड. बंद खोलीत गळला तर गुदमरल्याचं कळायच्या आत माणूस खाली बसतो. म्हणून ऑक्सिजन मॉनिटर. हे सगळं पोस्टरवर लिहून भागत नाही. मास्क, हातमोजे आणि अँटिस्टॅटिक बूट घालून रिकामं मशीन साफ करण्याची रंगीत तालीम घ्या, आणि त्यात चुकलेल्याला त्या दिवशी पुढे जाऊ देऊ नका.

आता डिझाइन. प्रत्येक व्याख्यानात दोन उदाहरणं येतातच. विमानाच्या लीप इंजिनातलं जीई कंपनीचं फ्युएल नॉझल (इंधन फवारणारा भाग), जिथे सुमारे २० भागांचा एक भाग झाला आणि वजन २५ टक्के घटलं. आणि इस्रोचं पीएस४ इंजिन (पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं), ज्याची ६६५ सेकंदांची चाचणी ९ मे २०२४ रोजी झाली: १४ भागांचा एक भाग, १९ वेल्ड वाचले, ५६५ किलो कच्च्या मालाऐवजी १३.७ किलो पावडर. दोन्ही उदाहरणं उत्तम आहेत आणि दोन्ही अर्धवट सांगितली जातात. १९ वेल्ड वाचले, खरं आहे. पण मघाचा हिशेब आठवा. ते वेल्ड बाहेरून दिसत होते, एक्स-रे काढून तपासता येत होते. त्यांच्या जागी दर घन सेंटिमीटरला शेकडो मीटर वेल्ड आले, आणि ते आत आहेत. मग हा भाग चांगला आहे हे कोण आणि कशावरून म्हणतं? सीटी स्कॅन, शेजारी त्याच बिल्डमध्ये छापलेले नमुना-बार, पावडरच्या नोंदी, मशीनच्या नोंदी. नासाचं २०२१ चं ६०३० क्रमांकाचं मानक जवळपास सगळं याबद्दलच आहे. विद्यार्थ्यांनी ते पाठ करू नये, पण एकदा चाळावं. ‘छापलं की झालं’ हा समज तिथेच उतरेल.

डिझाइनचे बारीकसारीक धडे छोटे आणि मजेदार आहेत. ४५ अंशांपेक्षा सपाट लोंबता भाग सपोर्टशिवाय, म्हणजे खाली छापलेल्या आणि नंतर काढून टाकायच्या टेकूशिवाय, उभा राहत नाही. आडवं भोक सहा-आठ मिलिमीटरपर्यंत आपलं आपण निघतं, मोठं असेल तर त्याचा माथा थेंबासारखा निमुळता करायचा. आतल्या वाटेतून पावडर बाहेर काढायला तोंड ठेवायचं, आणि भट्टीत घालण्याआधी ती खरंच निघाली का ते पाहायचं. राहिली तर आतच भाजून दगड होते आणि जॉब गेला. सपोर्ट काढायला पक्कड पोचेल का, हा प्रश्न तर कोणीच विचारत नाही. ज्याने एक दुपार छिन्नी-कानस घेऊन सपोर्ट काढलेत, तो पुढच्या वेळी ते निम्मे ठेवतो.

आणि एक असाइनमेंट हमखास ठेवा: दहा ड्रॉइंग द्या आणि यातली कुठली छापायची नाहीत ते सकारण लिहायला सांगा. माझ्या अंदाजाने सात-आठ निघतील. लेथवर वीस मिनिटांत होणारा बुश छापण्याची हौस आम्ही कारखान्यातही पाहतो.

गुणांबद्दल. प्रात्यक्षिकात जॉब नीट आला की पूर्ण गुण, फसला की पुन्हा छापा, अशी पद्धत आहे. त्यामुळे मुलं सगळ्यात सोपी वस्तू निवडतात आणि फसलेला जॉब कचऱ्यात जातो. फसलेल्या जॉबचं कारण शोधून, ते दाखवणारा पुरावा समोर ठेवणाऱ्याला नीट आलेल्या जॉबपेक्षा जास्त गुण द्या. तोंडी परीक्षेत वस्तू हातात द्या.

मशीन घेऊच नका असं मी म्हणत नाही. एका कॉलेजात मी बोलायला गेलो होतो, तिथे काचेच्या खोलीत मेटल प्रिंटर होता. त्यावर आच्छादन होतं. आर्गॉनची व्यवस्था झालेली नव्हती, भट्टी नव्हती, वायरकट नव्हतं, चाळणी नव्हती. तिथल्या सरांना मशीन चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं, तेही वर्षापूर्वी. दोष सरांचा नव्हता. मशीनसाठी पैसे मंजूर होतात, भट्टीसाठी होत नाहीत, आणि सरांना महिनाभर एखाद्या कारखान्यात धाडण्यासाठी तर मुळीच होत नाहीत. माझं ऐकाल तर क्रम उलटा करा: आधी शिक्षक कारखान्यात, मग भट्टी, मायक्रोस्कोप आणि फनेल, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

सुरुवातीसाठी माझ्याकडून एक गोष्ट देऊ शकतो. माझ्या कपाटात फसलेल्या जॉबचं एक खोकं आहे: थर सुटलेले, सपोर्टवरून उखडलेले, रिकोटरने ठोकर मारून वाकवलेले, आत पावडर भाजून बंद झालेले. प्रत्येकावर चिठ्ठी आहे, त्यावर तारीख आणि सेटिंग. कारण लिहिलेलं नाही. मंडळाने पत्ता कळवला की खोकं पाठवतो, ते ठेवून घ्यायला हरकत नाही. फक्त त्यातला वाकलेला टायटॅनियमचा ब्रॅकेट सत्र संपल्यावर परत करावा.

आपला,
धातूच्या प्रिंटिंगमधला एक इंजिनिअर